बर्न्सच्या, म्हणजे भाजलेल्यांच्या वॉर्डातल्या पोस्टिंगला येताय? या, या!

नव्या बॅचचं स्वागत. पोस्टिंग सुखात कशी काढायची ते सांगते, कालच्या राउंडपासून मी या विषयात तज्ज्ञ झालेय.

आधी दारातच थांबा, आत वास येतो. सहीपुरतं आत यायचं, मित्राचीपण ठोकून टाका.

हात धुवू नका. सुडोमोनास जंतूलाही या बेडवरून त्या बेडवर जायला कोणीतरी लागतंच.

किती टक्के अंग भाजलं ते मोजायचा रूल ऑफ नाइन्स पाठ आहे ना, हात 9, पाय 18? मग चादर उचलून बघायची काय गरज! नुसती लाल झालेली कातडीपण बेरजेत धरा. सलाइन किती द्यायचं त्याचा पार्कलँड फॉर्म्युला तर तोंडावरच, 4 मिली गुणिले वजन गुणिले टक्के, त्यातलं अर्धं आरएल सलाइन पहिल्या 8 तासांत. हे 8 तास मोजायचे कधीपासून? अर्थात तुम्ही केसपेपर उघडल्यापासून! बाई पहाटे भाजली, मग पीएचसी, मग ग्रामीण रुग्णालय, मग अँब्युलन्सची वाट, दुपारी इथे पोचली, म्हणजे भाजल्यापासूनच्या त्या 8 तासांतले बहुतेक रस्त्यातच गेले, पण हे ॲपवरच्या लेक्चरमध्ये तुम्ही टू-एक्सवर पळवलेलं असणार.

हिस्ट्री सासूलाच विचारा, शेजारीच उभी असते. ‘स्टोव्हचा भडका’ लिहा, सुटलात.

आणि प्रोग्नोसिस, म्हणजे पेशंट वाचेल की नाही ते, कसा बेडजवळच सांगायचा, खणखणीत आवाजात. काल एकाने सांगितला, ‘सिक्स्टी पर्सेंट मॅम, नॉट साल्व्हेजेबल.’ इंग्रजीत बोललं की पेशंटला कळत नाही म्हणे! अरे, एवढी भाजलेली बाईसुद्धा सुरुवातीला चांगली बोलत असते, पाणी मागते, पोरं कुठायत विचारते, ती शुद्धीवर आहे, जबाब देऊ शकते असं मॅजिस्ट्रेटसाठी आपणच लिहून देतो, त्याच कागदावरची शाई वाळायच्या आत तिच्या उशाशी उभं राहून हे बोलायचं? तिने मला विचारलं, ‘मॅडम, काय म्हणला तो?’ काय सांगू मी तिला, सांगा ना! आणि मागे दोघं फोन काढून फोटो घेत होते, अंगावर कपडा नाही तिच्या, कळतंय का?

गणित चुकलं तर शिकवीन, परत चुकलं तर परत शिकवीन, त्याचाच पगार घेते. पण हे मी शिकवायचं? घरी कोणी शिकवलं नाही? उद्यापासून मोबाइल बाहेर, आत आलात की आधी तिच्या अंगावर चादर ओढायची, नावाने हाक मारायची, जे काय बोलायचंय ते पॅसेजमध्ये. नसेल जमत तर लॉगबुक घेऊन माझ्याकडे येऊच नका, सही मिळणार नाही.