टेस्ट ट्यूबमध्ये एन्झाइम थांबलं म्हणून अंगातलं विष उतरत नाही

पाऊस लागला, निंदण-फवारणीला माणसं वावरात जाऊ लागली की विदर्भातल्या गावोगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: 'प्रयोगशाळेत सिद्ध झालं, अनंतमुळाच्या रसाने सापाच्या विषातली एन्झाइम्स बंद पडतात. साप चावला की वाटीभर रस पाजा, इंजेक्शनची गरज नाही.' यातलं पहिलं वाक्य निव्वळ थाप नाही, आणि त्यामुळेच मला त्याची जास्त भीती वाटते. अनंतमुळावर असे प्रयोग खरंच झाले आहेत. एन्झाइम्स म्हणजे विषातली कात्रीसारखी प्रथिनं, शरीरातले पदार्थ तोडणारी. पण प्रयोगात मोजतात काय?

विषातलं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, मोजताना त्यात केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, घालतात. काही वेळ 37 अंशांना ठेवून मग आम्ल टाकतात. न तुटलेलं केसीन तळाला बसतं, तुटलेले तुकडे पाण्यात राहतात आणि ते किती हे यंत्र प्रकाशाच्या शोषणावरून सांगतं. वनस्पतीचा रस तपासायचा तर बहुतेक वेळा रस आणि विष आधी एकत्र मुरवतात, केसीन मागाहून घालतात. म्हणजे विषाला काम सुरू करायच्या आधीच रस गाठतो. धुऱ्यावर साप चावतो तेव्हा क्रम उलटा असतो: विष आधीच अंगात भिनलेलं आणि रस पोटात. तो पचून, त्यातला उपयोगी अंश पुरेशा प्रमाणात रक्तात पोचेल, हे त्या टेस्ट ट्यूबने कधी दाखवलेलंच नसतं.

आणखी एक अडचण. झाडांच्या सालीत-मुळात टॅनिन असतं, ते समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. कडक कोऱ्या चहातही ते असतं. तो विषात मिसळला तरी एन्झाइमचा आकडा घसरू शकतो. पण तेवढ्यावरून कोणी सर्पदंशावर चहा पाजत नाही.

'एन्झाइम थांबलं की विष संपलं' हेही चूक. नागाच्या विषात श्वासाचे स्नायू लुळे पाडणारी जी मुख्य विषं असतात, ती एन्झाइम नसतातच. मण्यारीच्या विषात प्रोटिएज जवळपास नसतं, तरी जमिनीवर झोपलेला माणूस तिच्या दंशाने पहाटेपर्यंत दगावू शकतो.

मेसेजच्या काही प्रतींत 'पिट वायपरवर सिद्ध' असंही लिहिलेलं असतं. पिट वायपर म्हणजे नाक-डोळ्याच्या मध्ये खाच असलेले साप. आपल्याकडे बांबूच्या रानातला हिरवा चापडा. त्यांच्या विषातली काही एन्झाइम्स फायब्रिनोजेन, म्हणजे रक्ताची गुठळी बनवणारं प्रथिन, थेट तोडतात. घोणसीचं विष रक्त गोठण्याच्या साखळीतला दहावा घटक चेतवतं, फुरशाचं विष त्याच साखळीतलं प्रोथ्रॉम्बिन. शेवट एकच, गोठवणारे घटक खर्ची पडून रक्त गोठेनासं होतं. पण कात्र्या वेगळ्या. एक अडली म्हणून दुसरी अडत नाही. भारतातलं अँटिव्हेनम, म्हणजे विष उतरवणारं ते इंजेक्शनसुद्धा, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याच विषावर बनतं, चापड्यावर नाही. इतकं हे काम सापागणिक बदलतं.

'इंजेक्शनने रिअॅक्शन येते' असं लोक म्हणतात, ते मात्र खरं. त्यासाठीच दवाखान्यात अॅड्रेनालीन, म्हणजे ती रिअॅक्शन आवरणारं औषध, भरून ठेवतात.

आणि 'आमच्या गावात रसाने वाचला'? धामण, दिवड बिनविषारीच. विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. तो माणूस काहीही न पिता वाचला असता.

एन्झाइम रोखणारं औषध शोधूच नये, असं मी म्हणत नाही. वारेस्प्लॅडिब नावाच्या गोळीची माणसांवर चाचणी झाली आहे, पण नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे.

विषाचं काम मोजायचंच असेल तर ते रुग्णाच्याच रक्तात मोजता येतं, तेही यंत्राशिवाय, प्राथमिक आरोग्य केंद्रात. शिरेतलं 2 मिली ताजं रक्त कोरड्या, नव्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदा कलती करायची. ट्यूब काचेचीच हवी, आणि साबणाने धुतलेली नको, नाहीतर निकाल फसवतो. गोठलं नाही तर अँटिव्हेनम सुरू करायचं आणि सहा तासांनी पुन्हा हीच चाचणी. गोठलं तरी रुग्णाला घरी न्यायचं नाही; नाग-मण्यारीचं विष या ट्यूबमध्ये दिसत नाही, ते जड होणाऱ्या पापण्यांत दिसतं.