तीन मिनिटांत वजीर कसा घालवावा

आपल्या भागातल्या माणसाला घड्याळाची किंमत सांगायला कुणी येऊ नये. बेळगावच्या सीमेचा जो प्रश्न १ नोव्हेंबर १९५६ पासून लोंबकळतोय आणि ज्याचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याच प्रश्नात राहणारा माणूस रात्री पांघरुणात मोबाईल धरून बुद्धिबळाचा तीन मिनिटांचा डाव लावतो आणि एक वजीर जास्त असताना वेळ संपून हरतो. इतकी वर्षं घड्याळ बघायची सवयच राहिली नाही की असं व्हायचंच.

तर तुम्हाला रेटिंग वाढवायचंय. उत्तम. आहे तेच चालू ठेवा, फक्त जरा पद्धतशीर करा.

सुरुवात घड्याळापासून. डाव कायम ३+० लावावा, म्हणजे तीन मिनिटं आणि वाढीव सेकंद शून्य. ३+२ हा भित्र्यांचा खेळ आहे, त्यात प्रत्येक चालीमागे दोन सेकंद परत मिळतात. चाळीस चालींचा डाव धरला तर ३+० मध्ये एका चालीच्या वाट्याला साडेचार सेकंद येतात आणि ३+२ मध्ये साडेसहा. त्या जादा दोन सेकंदांत माणूस नको ते करतो, म्हणजे समोरच्याने आत्ता जी चाल केली ती का केली ते बघतो. एकदा ते बघितलं की वजीर जात नाही, वजीर गेला नाही की डाव लांबतो आणि तोवर ताट वाढून झालेलं असतं. असल्या वाढीव सेकंदांच्या घड्याळाचं पेटंट बॉबी फिशरने १९८९ साली मिळवलं. जगज्जेता खरा, पण तुमच्याएवढी घाई त्याला नव्हती. ३+० सुद्धा संथ वाटत असेल तर १+० आहेच. तिथे चालीला दीड सेकंद मिळतो, म्हणजे विचाराचा प्रश्नच मिटला.

असलेला वेळ खर्च कसा करायचा यालाही शास्त्र आहे. ओळखीच्या ओपनिंगच्या, म्हणजे ठरलेल्या सुरुवातीच्या, पहिल्या दहा चालींना मिळून वीस सेकंद पुष्कळ होतात. तुम्ही मात्र चौथ्या चालीला अडखळावं. घोडा एफ३ या घरावर काढू की ई२ वर, यावर पूर्ण पंचवीस सेकंद घालवावेत आणि शेवटी एफ३ वरच काढावा. तेवीसाव्या चालीला, जिथे हत्तीचा बळी खरंच बसतो की नाही हे मोजायला तेच पंचवीस सेकंद लागले असते, तिथे तुमच्याकडे अकरा उरलेले असतील. मग बळी द्यावा. दिसायला शूर दिसतं.

जागेचं म्हणाल तर बेळगावहून चोर्ल्याकडे जाणारी गाडी उत्तम. जांबोटी मागे पडली, झाडी दाट झाली आणि रेंजची एकच काडी उरली की डाव लावावा. तुमची चाल फोनमध्येच अडकून राहते आणि घड्याळ तिकडे सर्व्हरवर चालू असतं. अर्ध्या-एक सेकंदाचा लॅग सर्व्हर भरून देतो, आख्ख्या घाटाचा देत नाही. चोर्ला लांब पडत असेल तर खानापूरची बस घ्या. पावसाळ्यात काचेतून पाणी, स्क्रीनवर ओलं बोट आणि शेजारच्या सीटवरून डोकावणारा कुणीतरी ‘काय करूलालास?’ विचारणारा. त्याला उत्तर द्यावं. तोही मग घोडा कुठे हलवायचा ते सांगतो आणि त्याचं ऐकायला चार सेकंद जातात.

सोंगटी बोटाने ओढत न्यावी. आधी सोंगटीवर टिचकी आणि मग घरावर टिचकी, असं करणारे लोक आहेत. त्यांची सोंगटी जिथे जायची तिथेच जाते. ओढण्यात गंमत वेगळी आहे. अंगठ्याखाली नेमकं तेच घर झाकलं जातं जिथे वजीर ठेवायचाय, गाडी खड्ड्यात आदळते आणि वजीर एक घर अलीकडे, प्यादाच्या तोंडात बसतो. असं झालं की चाल परत मागायची विनंती पाठवावी. समोरचा ती नाकारेल. मग चॅट उघडून त्याला संस्कार नसल्याचं कळवावं. तुमचं घड्याळ तेवढा वेळ चालूच असतं.

ओपनिंग एकच ठेवावी, चार चालींची मात. प्यादे ई४, उंट सी४, वजीर एच५ आणि मग एफ७ वर वजिराने मात. समोरच्याने घोडा सी६ वर काढल्यावर, वजीर एच५ वर येताच त्याने गडबडून दुसरा घोडा एफ६ वर आणला की झालंच काम. पण त्याने प्यादे जी६ केलं तर वजिराला एफ३ वर पळावं लागतं, पुन्हा तीच धमकी द्यायला. आता तो घोडा एफ६ वर आणतो. त्याचे दोन्ही घोडे बाहेर, धमकी संपली, तुमचा वजीर दोनदा हललेला, आणि राजाशेजारचा तुमचा घोडा घरातच, कारण त्याची एफ३ ची जागा वजिराने अडवलेली. तरीही पुढच्या डावाला हेच करावं. दहात तीनदा लागतं, आणि लक्षात ते तीनच राहतात.

आता प्रीमूव्ह, म्हणजे समोरच्याची पाळी चालू असतानाच आपली पुढची चाल ठरवून ठेवणं. मराठीत याला मनातले मांडे म्हणतात, आणि मांड्यांसाठी नावाजलेल्या बेळगावच्या माणसाला ते खायला कुणी शिकवायची गरज नाही. लिचेस या साइटवर प्रीमूव्हला वेळ लागतच नाही, पण एका वेळी एकच चाल ठेवता येते. चेस डॉट कॉमवर दर प्रीमूव्हला सेकंदाचा दहावा भाग जातो, पण एकामागे एक रांग लावता येते. जुने खेळाडू ही सोय दोनच ठिकाणी वापरतात. एक, सोंगटीची मारामारी चालू असताना, म्हणजे त्याने मारलं की आपण परत मारायचं ठरलेलं असतं तिथे. दुसरं, जिथे समोरच्याकडे कायदेशीर चालच एक उरली आहे तिथे. तुम्ही ती पहिल्या चालीपासून वापरा.

हे नीट समजून घ्या, कारण मजा इथेच आहे. तुम्ही पांढरे, लंडन सिस्टीम नावाची ओपनिंग खेळणारे. प्यादे डी४ केलं आणि लगेच उंट एफ४ ची प्रीमूव्ह ठेवली, कारण लंडनमध्ये उंट एफ४ वरच जातो, पुस्तकात आहे. समोरचा प्यादे ई५ करतो. शांतपणे बघितलं असतं तर डी४ च्या प्यादाने ते फुकट मारता आलं असतं. पण तुमचा उंट निघालेला असतो. तो एफ४ वर जाऊन बसतो आणि ई५ चं प्यादे त्याला खातं. दुसऱ्या चालीला एक उंट कमी. काळ्याकडून खेळताना यापेक्षा देखणं करता येतं. प्यादे जी६ करा आणि उंट जी७ ची प्रीमूव्ह ठेवा. पांढऱ्याने उंट एच६ वर टाकला तर उघड्या डोळ्यांनी तो फुकट मारता आला असता. तुमचा उंट मात्र आज्ञाधारकपणे जी७ वर जातो, तिथे मारला जातो, आणि मारणारा उंट थेट एच८ च्या हत्तीकडे बघत उभा राहतो. दोन चालींत उंट गेला, हत्ती जायच्या मार्गावर. वेळ मात्र जवळजवळ तीन मिनिटं तशीच शिल्लक. वेळेच्या नियोजनात तुमचा हात कुणी धरू शकणार नाही.

शेवटचा खेळ शिकू नये, ही सूचना ठळक अक्षरांत लिहून ठेवा. हत्ती आणि राजा विरुद्ध नुसता राजा, ही मात जास्तीत जास्त सोळा चालींत होते. पद्धतही किचकट नाही. हत्तीने एका आडव्या ओळीवर कुंपण घालायचं, आपला राजा त्याच्या राजासमोर एक घर सोडून आणायचा, समोरासमोर आले की हत्तीने शह द्यायचा, तो एक ओळ मागे सरकतो. राजे समोरासमोर येत नसतील तर हत्तीची एक चाल त्याच ओळीत वाया घालवायची. एका रविवारी दुपारी वीस मिनिटांत हे हातात बसतं, आणि मग शेवटच्या पंधरा-वीस सेकंदांतही हात आपोआप चालतो. पण रविवारी दुपारी तुम्ही १+० खेळत असता. म्हणून हत्ती घेऊन पन्नास चाली पट फिरावं आणि बरोबरी घ्यावी.

सेटिंगमध्ये ‘प्याद्याचा आपोआप वजीर’ हे चालू ठेवावं. मग ही स्थिती यायची वाट बघावी. तुमचा राजा एफ६ वर, प्यादे एफ७ वर. त्याचा राजा एच७ वर, बाकी पट मोकळा. प्यादे पुढे सरकवलं की एफ८ वर वजीर उभा राहतो. आता त्याच्या राजाची घरं मोजा. जी८, एच८, जी७ आणि एच६ वजिराने धरलेली, जी६ तुमच्या राजाने. शह मात्र नाही. चाल नाही, शह नाही, डाव बरोबरीत. तिथे वजिराऐवजी हत्ती केला असता तर त्याला एच६ हे एकच घर उरलं असतं, आणि तो तिथे गेला की हत्ती एच८ वर, मात. जुन्या देशी खेळात प्यादे ज्या उभ्या रांगेतून पोचे त्या रांगेतल्या मोहऱ्याचा मान त्याला मिळे, म्हणजे इथे उंट. डाव तेव्हाही जिंकला नसताच, पण दोष नियमाला देता आला असता. इथे सेटिंग तुम्हीच केलेलं आहे.

वेळ संपत आली आणि पटावर पुढे असाल तर एक गोष्ट चुकूनही करायची नाही. समोरच्याकडे एकच प्यादे आणि राजा उरला असेल तर ते प्यादे मारू नका. मारलं की त्याच्याकडे नुसता राजा राहतो, आणि नुसत्या राजाने मात होत नाही, म्हणून तुमची वेळ संपली तरी डाव बरोबरीत सुटतो. त्यापेक्षा उरलेले तीन सेकंद शह देत घालवा. मनाला बरं वाटतं.

हरल्यावर थांबू नये. सारख्या रेटिंगच्या खेळाडूकडून हरलं तर चेस डॉट कॉमवर साधारण आठ गुण जातात. दोन डाव हरून उठलात तर सोळाच गेले, सकाळी ताज्या डोक्याने परत येतात. पण रात्री साडेबाराला, डोळे चुरचुरत असताना, ‘मघाचे आठ तेवढे काढतो’ म्हणून बसलात तर दीड वाजेपर्यंत शंभराचा हिशेब सहज पुरा होतो. मधल्या मधल्या पराभवांना कारणं ठेवावीत. पहिला लॅगमुळे, दुसरा शेजारच्या मंडपातल्या डीजेमुळे, तिसऱ्याचा प्रतिस्पर्धी नक्की कॉम्प्युटर लावून खेळत होता. त्याची तक्रार करावी. त्याने अठराव्या चालीला घोडा फुकट दिला होता, ते विसरून.

कोड्यांचा सराव करायचाच असेल तर पहिली सुचेल ती चाल मारावी, चुकलं की उत्तर बघून पुढे जावं. एका कोड्यावर चार मिनिटं बसून सगळ्या फांद्या मोजल्या तर तीच घडण तीन मिनिटांच्या डावात दिसायला लागते, आणि मग खेळातला थरार जातो. तसंच कुणी सांगली दाखवली तर हसून टाळा. अथणीकरांना सांगली-मिरज बेळगावपेक्षा जवळ, आणि तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं. लाकडी पट, समोर जिवंत माणूस, आणि चाल करायच्या आधी हात मांडीखाली. एवढा उशीर लावून कुणी रेटिंग वाढवतं का?

डाव संपला की स्क्रीनवर पुन्हा खेळायचं बटण येतं, ते दाबा. त्याच स्क्रीनवर विश्लेषणाचंही एक बटण असतं, ते दाबलं तर तुम्ही नवव्या चालीलाच हरला होता हे अर्ध्या मिनिटात कळतं. अंगठा तिकडे घसरणार नाही एवढं बघा.