काळं काही दिसत नाही, तरीही

नमस्कार. ‘नाकातून काळा स्राव नाही, डोळा सुजलेला नाही, नुसती दाढ दुखतेय, तिचा संबंध बुरशीशी लावून तुम्ही मधुमेही माणसांना उगाच घाबरवता. आणि एमआरआयचा खर्च कोण करणार?’ असं तुम्ही विचारलंत. दाढदुखीमागे बहुतेक वेळा साधी कीडच असते, हे खरं आहे. पण काळा रंग दिसेपर्यंत थांबणं मला मान्य नाही.

म्युकरची बुरशी, म्हणजे जिच्या आजाराला लोक ‘काळी बुरशी’ म्हणतात ती, रक्तवाहिन्यांत शिरते, आत गुठळी होते आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तो भाग आधी फिकट पडतो, बधिर होतो. काळा पडतो तो मेल्यानंतर. 2021 च्या कोविडच्या लाटेत महाराष्ट्रातले कितीतरी रुग्ण आधी दातांच्या डॉक्टरांकडेच गेले होते. वरच्या जबड्यात एकाच बाजूचे, न किडलेले दोन-तीन दात एकदम हलायला लागलेले, हिरडीतून पू, टाळूवर जखम. आणि नाकाची तक्रार जवळपास नाहीच. अशा वेळी दात काढून भागत नाही, वरचं हाड आणि सायनस, म्हणजे नाकाशेजारची हाडातली पोकळी, तपासावाच लागतो. काहींमध्ये नाकाच्या पार मागचा, कवटीच्या तळाशी असलेला सायनसच तेवढा धरला जातो. मग डोकं दुखतं, एकाचे दोन दिसतात, आणि नाकात पुढून पाहिलं तर काहीच सापडत नाही.

अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीच्या आजाराचा एक प्रकार तर धडधाकट माणसालाही होतो. सुदानमध्ये आणि आपल्या उत्तर भारतात तो दिसतो. महिनोन् महिने डोळा हळूहळू पुढे येतो आणि सगळ्यांना गाठीचा संशय येतो. तिथे बायोप्सीशिवाय, म्हणजे तुकडा काढून तपासल्याशिवाय, गत्यंतर नाही, कारण त्यावर चालणारं व्होरिकोनॅझोल हे औषध म्युकरवर चालत नाही.

राहिला खर्च. सुरुवात एमआरआयपासून करा असं मी म्हणतच नाही. दोन्ही गालांवर कापूस फिरवून स्पर्श सारखा कळतो का ते पाहायचं, रक्तातली साखर मोजायची, शंका आली तर दुर्बिणीतून नाक तपासायचं. संशयित भागाचा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशीचे तंतू त्याच दिवशी दिसू शकतात. मात्र वरवरची खपली घेऊन ‘काही नाही’ असा अहवाल आला, तर मी त्यावर विसंबत नाही.

तुमच्या आईंची साखर चढलेली असते आणि वरची दाढ दुखतेय, असं तुम्हीच लिहिलंय. त्याच बाजूचा गाल बधिर वाटतो का, एवढं त्यांना आज विचारा. ‘हो’ म्हणाल्या तर उद्यावर न टाकता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, आणि अलीकडे स्टेरॉइड घेतलं असेल तर तेही सांगा.