'सगळ्या भिंती सारख्या कशा?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट मोठी आहे आणि विचार करून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मागच्या लेखात मी पेशीचा पडदा, अणूतला बॅरियर, नवी मुंबईचे बांध आणि समाजातल्या भिंती असं सगळं एकत्र घेतलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं की ही नुसती उपमांची खिचडी आहे, फिजिक्सचं गणित माणसांना लावता येत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे समाजातली भिंत पेशीच्या पडद्याशेजारी बसवली की भेदभाव हा निसर्गाचाच नियम वाटायला लागतो. आणि शेवटी, एवढं तत्त्वज्ञान करण्यापेक्षा होल्डिंग पाँडमधली (पावसाचं पाणी तात्पुरतं साठवायच्या तळ्यांमधली) तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, काढा, वाशीत पाणी तुंबायचं थांबेल.

आधी उपमेचं बघू. वाशी, नेरुळ, बेलापूरचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, खाडीकडेला बांध घातले, आत होल्डिंग पाँड केले आणि त्यांच्या तोंडाला फ्लॅप गेट बसवले. ह्या गेटला उघडायला ना मोटर लागते ना माणूस. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून रेटतं आणि झडप मिटते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी वरचढ होतं ते झडप ढकलून निघून जातं. आता हृदयातून महाधमनी निघते तिथली झडप बघा. तिलाही उघडणारा-मिटणारा स्नायू नाही, दोन्ही बाजूंच्या दाबातला फरकच तिला हलवतो, दिवसाला साधारण एक लाख वेळा. ह्यात उपमा कुठे आली? यंत्रणाच एक आहे. बिघाडसुद्धा तेच दोन, झडप पूर्ण उघडत नाही नाहीतर पूर्ण मिटत नाही, कार्डिओलॉजिस्टच्या रिपोर्टात पण तेच लिहिलेलं असतं आणि गाळ भरलेल्या गेटजवळ पावसाळ्यात जाऊन बघितलं तर तिथेही तेच दिसतं. १६२८ साली विल्यम हार्वेने रक्त शरीरात गोल फिरतं असं मांडलं ना, तेव्हा नसांमधल्या अशाच एकतर्फी झडपा त्याचा मोठा पुरावा होता.

आणि हे तंत्र सिडकोच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. ठाणे-रायगडच्या खाड्यांना लागून आपल्या आगरी शेतकऱ्यांनी खारबंदिस्ती केली, मातीचे बांध घातले आणि त्यात उघाड्या ठेवल्या, म्हणजे ओहोटीला उघडणारी आणि भरतीला मिटणारी लाकडी दारं. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपायला लागलं की बघता बघता खांड पडते, म्हणजे बांध फुटतो, खारं पाणी शेतात घुसतं आणि एकदा जमीन खारावली की भात लगेच परत येत नाही, म्हणून खांड बुजवायला गावच्या गाव चिखलात उतरायचं. बांध एकदा बांधून होत नाही, तो रोज राखावा लागतो. पेशीचं पण असंच आहे, पडद्याच्या आतबाहेर सोडियम-पोटॅशियमचा फरक टिकवायला पंप सतत चालू ठेवावे लागतात आणि मेंदूच्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यातच जातो.

आता गणिताचं. अणूच्या केंद्रकातून अल्फा कण बाहेर पडतो तेव्हा जुन्या हिशोबाने त्याच्याकडे बॅरियर, म्हणजे त्याला आत अडवणारी ऊर्जेची भिंत, ओलांडण्याएवढी ऊर्जा नसतेच, तरी तो पडतो, १९२८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमोव्हने ह्याचं उत्तर टनेलिंगने दिलं, म्हणजे कण भिंतीवरून न जाता तिच्या आरपार निघून जाऊ शकतो. युरेनियम-२३८ च्या अल्फा कणाची ऊर्जा साधारण ४.२ एमईव्ही (अणूंच्या ऊर्जेचं एकक) आणि अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ, जवळपास ४५० कोटी वर्षं. पोलोनियम-२१२ चा कण ८.८ चा, म्हणजे फक्त दुप्पट, पण अर्धायुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी! ऊर्जा आणि वेळ ह्यांचं हे गणित सोसायटीच्या गेटला लावा असं मी म्हणत नाहीये. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की बॅरियरकडे बघताना तो बंद आहे की उघडा एवढं विचारून भागत नाही, त्याच्यातून काय, किती वेगाने पलीकडे जातं ते विचारावं लागतं, आणि हा प्रश्न माणसांच्या बाबतीत विचारायला काहीच हरकत नाही. उलट तिथेच तो जास्त गरजेचा आहे.

महाडचं घ्या. १९२३ साली समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर गेट सताड उघडं. आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला त्यातलं पाणी किती मिळत होतं? काहीच नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि हायकोर्टात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. जात म्हणजे विटांची भिंत किंवा काटेरी तार नाही, ती मनातली धारणा आहे, असं बाबासाहेबांनीच १९३६ मध्ये लिहिलंय. भिंत डोळ्यांना दिसत नसेल तर पाणी कोणापर्यंत पोचतं हे मोजण्याशिवाय ती सापडणार कशी?

म्हणूनच तुमचा तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागला, आणि तो मला अजिबात मान्य नाही. पेशीच्या पडद्यात ॲक्वापोरिन नावाची पाण्याची दारं असतात, त्यांच्या शोधासाठी पीटर आग्रेंना २००३ चं नोबेल मिळालं. एका दारातून सेकंदाला अब्जावधी रेणू जातात पण प्रोटॉन जात नाही. तिथे आत्ता समोर आलेल्या रेणूचा आकार आणि विद्युतभार बघितला जातो, तो कुठून आला ह्याची चौकशी नसते. जातीचं दार नेमकं उलटं, माणूस आत्ता काय आहे ते बघतच नाही, फक्त जन्म विचारतं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर भेदभाव नैसर्गिक वाटत नाही हो, तो किती अनैसर्गिक आहे ते उघडं पडतं. घोडबंदर रोडच्या टॉवरांना गेट नको असं मी म्हणणार नाही, पण एकाच गेटवर पाहुण्यांची गाडी सलाम घेऊन आत जाते आणि रोज येणाऱ्या कामवाल्या मावशींची पिशवी रोज तपासली जाते, वर लिफ्टही वेगळी, तर ती सिक्युरिटी कशाची हे कमिटीला विचारलंच पाहिजे.

तिवरांचं शेवटी. ती मनात आलं म्हणून काढता येत नाहीत, हायकोर्टाची परवानगी लागते, २०१८ च्या निकालाने तर ते अजून कडक केलंय. आणि तिवर स्वतःच बॅरियर आहे, मुळाशीच बरंचसं मीठ अडवतं, उरलेलं पानांतून बाहेर टाकतं, लाटांचा जोर मोडतं. पाँडमध्ये गाळ साचून पाणी धरायची जागा कमी झालीये हे खरं, पण आधी गेटच्या तोंडाचा गाळ काढा, झडपा दुरुस्त करा, पंप वाढवा. डच लोकांनी १९५३ च्या पुरानंतर ऑस्टरस्खेल्डची खाडी कायमची बंद करायचं ठरवलं होतं, पण कालवं-शिंपल्यांवर जगणारे मच्छीमार आणि पर्यावरणवाले अडून बसले, आणि शेवटी १९८६ मध्ये ६२ दरवाज्यांचा बांध झाला जो एरवी उघडा असतो आणि वादळात बंद होतो. खर्च खूप वाढला, पण भरती-ओहोटी राहिली आणि मच्छीमारी पण. वाशीच्या पाँडसाठी महापालिकेकडे मागणी करायचीच असेल तर झाडं तोडायची नको, दरवाजे नीट करायची करूया, त्या अर्जावर माझी सही पहिली धरा.