पीसीओएसवर ‘अशोकारिष्ट आणि कांचनार गुग्गुळ’: या सल्ल्यात काय चुकतं

पीसीओएस म्हणजे अंडाशयातून बीज वेळेवर न सुटण्याचा, पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा विकार. त्यावर दोन आयुर्वेदिक औषधांचा, सध्या सगळीकडे फिरणारा सल्ला असा: ‘अशोकारिष्ट आणि कांचनार गुग्गुळ तीन महिने घ्या. गाठी विरघळतात, पाळी नियमित येते, दुष्परिणाम नाहीत. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा.’

‘गाठी विरघळतात.’ सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेतच. ती २ ते ९ मिलिमीटरची, अर्धवट वाढून थांबलेली फॉलिकल्स, म्हणजे बीजाच्या इवल्या पिशव्या असतात. मूळ बिघाड हार्मोन्सचा, आणि अनेकींत इन्शुलिनचा. कांचनार गुग्गुळ आयुर्वेदाच्या ग्रंथांत गंडमाळा (मानेतल्या गाठी), ग्रंथी (गाठ), अर्बुद (मोठी गाठ) यांसाठी येतो. त्यातली ‘ग्रंथी’ उचलून थेट रिपोर्टला चिकटवली गेली आहे.

‘अशोकारिष्टाने पाळी येते.’ इथे तर औषधच उलटं निवडलंय. अशोकारिष्ट मुख्यतः प्रदरासाठी, म्हणजे अति रक्तस्रावासाठी सांगितलंय; अशोकाची साल स्तंभक, म्हणजे स्राव रोखणारी आहे. पीसीओएसमध्ये बहुतेकींची पाळी लांबते. लांबलेली पाळी आल्यावर रक्तस्राव थांबेनासा झाला, तर वैद्य ते विचारपूर्वक देतात, पण ती वेगळी अवस्था. शिवाय साल सीता अशोकाची हवी. सोसायटीच्या कुंपणाला उभा असतो तो सरळसोट आसुपालव. त्याच्या सालीची भेसळ बाजारात सर्रास होते. अरिष्ट म्हणजे आंबवलेला काढा; त्यात गूळ असतो आणि ५ ते १० टक्के मद्यार्कही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या बाईला हे कुणीतरी सांगायला हवं.

‘दुष्परिणाम नाहीत.’ गुग्गुळाने पोट बिघडतं, अंगावर पुरळ उठतं; प्रोप्रॅनॉलॉल, डिल्टियाझेमसारख्या रक्तदाब-हृदयाच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटू शकतं. गरोदरपणात तो टाळतात. पाळी अनियमित असली तरी मधूनच बीज सुटतं आणि दिवस राहू शकतात, म्हणून आधी गर्भचाचणी. अशा मिश्रणांत ज्येष्ठमध असेल तर तो रोज बरेच दिवस घेतल्याने रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं.

‘गोळ्या बंद करा.’ सर्वांत घातक वाक्य हेच. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पुरेसं तयार होत नाही, आणि गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून ९० दिवस पाळी आली नाही तर काढ्याची वाट पाहायची नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून साधारण १० ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉन देतात. ते थांबवल्यावर काही दिवसांत रक्तस्राव होतो आणि अस्तर निघून जातं.

वैद्यांकडे जरूर जा. जाताना सोनोग्राफी, साखर आणि थायरॉइडचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पट्टी आणि शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा सोबत न्या.