काकीच्या पायाची नखं

गणपती तोंडावर आले म्हणून आज काकीला हट्टाने पार्लरमध्ये नेलं. तिने पाय पुढे केला, तर तिथली मुलगी मागे सरकली. "ई, किती घाण! पाय धुवत नाहीत का?" तेही एवढ्या मोठ्याने, की बाकीच्या बायका वळून बघायला लागल्या.

धुवत नाहीत?? आषाढभर पोटरीएवढ्या चिखलात वाकून लावणी करते ती. तिचे पाय पाण्यातून बाहेरच कुठे येतात! दुखणं तेच तर आहे. आधी बोटांच्या बेचक्यात चिखल्या, मग तीच बुरशी भिजून मऊ झालेल्या नखाखाली शिरते. नख पिवळं पडतं, जाड होतं, कडेने भुगा पडायला लागतो.

बरं, अशा पायाला हत्यार लावायला नकार दिला ते योग्यच, कानशीवरून बुरशी दुसऱ्याच्या पायाला जाते. पण ते नीट सांगता येत नाही? आणि नखाच्या मुळाशी राखण करणारी कातडी ह्याच कुरतडून काढतात, मग तिथे नखुरडं होतं. ते चालतं!

मोबाइलवर सल्ला काय, तर पाय कोरडे ठेवा, रोज मोजे बदला. खरंय, डॉक्टरही हेच सांगतात. पण चिखलात मोजे? गमबूटसुद्धा तिथेच रुततो आणि नुसता पाय वर येतो.

आमच्या घरातले तरी काय! पॉवर टिलर बिघडला की माणूस त्याच दिवशी हजर. काकी मात्र "आमच्या पायांक काय होतला?" म्हणत मेंदीचा पाला वाटून लावतेय. त्यात तिला डायबेटीस. तिच्या पायाची साधी जखमही चिघळू शकते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

येताना एसटीत पाय साडीखाली ओढून बसली होती. "माका थंय कित्याक न्हेलंस?" एवढंच म्हणाली. पार्लरवालीवर एक शब्द नाही.

आता डॉक्टरकडे नेणार. नख खरवडून तपासतात, बुरशीच निघाली तर गोळ्या, त्याआधी लिव्हरची रक्ततपासणी. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं, म्हणजे पुढची लावणी मध्ये येणारच. तेव्हा काकी शेतात उतरणार नाही, मजूर लावायचे. भावांनो, पैसे काढून ठेवा.

कुडाळ-कणकवलीकडे चांगले त्वचारोगतज्ज्ञ कोण आहेत ते इनबॉक्समध्ये सांगा. लिंबू चोळायचे उपाय सुचवू नका, आज डोकं ठिकाणावर नाही.