छातीची सोनोग्राफी आणि व्हॉट्सॲपवरचं अर्धं विज्ञान

गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचा सारांश असा: सोनोग्राफीच्या लहरी हवेतून जात नाहीत आणि फुप्फुसात हवाच भरलेली असते, म्हणून आयसीयूत छातीची सोनोग्राफी म्हणजे निव्वळ बिल फुगवणं. एक्स-रे पुरतो, नाहीतर सीटी मागा. जगात ही तपासणी कुणी मानत नाही. पडद्यावर पांढऱ्या रेषा दाखवून पेशंटला व्हेंटिलेटरवर चढवतात.

लहरी हवेतून जात नाहीत, हे खरं आहे. पण पुढचा निष्कर्ष त्यातून निघत नाही. निरोगी फुप्फुसावर प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचं छातीवर टेकवायचं टोक, ठेवला तर लहरी वरच्या आवरणावरच आपटून परत येतात. पडद्यावर सारख्या अंतरावर आडव्या रेषा उमटतात, आणि श्वासागणिक आवरण सरकताना दिसतं. फुप्फुसाला तीव्र इजा झाली, म्हणजे ज्याला डॉक्टर एआरडीएस म्हणतात ते झालं, की हवेच्या जागी द्रव साचू लागतो. मग आवरणापासून खाली पडद्याच्या तळापर्यंत उभ्या रेषा उतरतात, त्या बी-लाइन्स. दोन बरगड्यांमधल्या एका फटीत तीन किंवा जास्त दिसल्या तर तो भाग बिघडलेला मानतात. हवा पुरती गेली तर फुप्फुस पडद्यावर यकृतासारखं भरीव दिसतं. हवा कमी झाली की चित्र बदलतं, आणि तपासणी उभी आहे ती याच बदलावर.

आता ‘एक्स-रे पुरतो’. फ्रान्सचे डॉ. दानिएल लिश्टेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये एआरडीएसच्या 32 रुग्णांत सीटी प्रमाण धरून तुलना केली. भरीव झालेला भाग ओळखण्यात सोनोग्राफी 97 टक्के अचूक ठरली, खाटेवर काढलेला एक्स-रे 75 टक्के आणि स्टेथोस्कोप 36 टक्के. छातीत साचलेल्या पाण्याच्या बाबतीत एक्स-रे 47 टक्क्यांवर घसरला. अभ्यास लहान होता आणि हात तरबेज होते, हे धरूनही फरक डोळ्यांत भरतो.

सीटी जास्त दाखवतो, खोलवरचंही दाखवतो. त्यावर वादच नाही. पण पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस होऊन धापा टाकणारा शेतकरी किंवा समुद्रात बुडताना वाचवलेला पर्यटक व्हेंटिलेटरवर असेल, तर त्याला नळ्यांसकट सीटीपर्यंत न्यायचं हीच जोखीम. तेही दिवसातून दोनदा करणार का? प्रोब खाटेपाशी येतो, किरणोत्सर्ग नाही, आणि सकाळचं चित्र संध्याकाळच्या चित्राशी ताडून पाहता येतं.

‘जगात कुणी मानत नाही’ हे तर जुनंच झालं. एआरडीएस कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या 2012 च्या बर्लिन व्याख्येत फक्त एक्स-रे आणि सीटी होते, हे खरं. साधनं तुटपुंजी असलेल्या रुग्णालयांसाठी 2016 मध्ये आलेल्या त्या व्याख्येच्या किगाली बदलात सोनोग्राफी आली, आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या जागतिक व्याख्येनंही ती स्वीकारली, प्रशिक्षित हातांच्या अटीवर. वाळपई किंवा काणकोणहून पेशंट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) हलवायचा की नाही हे ठरवताना ही सोय किती कामाची, ते तिथल्या डॉक्टरांना विचारा. (हातात मावणारी मशीनं आली आहेत, पण गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक मशीनची नोंदणी लागते आणि ते कुठंही फिरवता येत नाही. कायदा हवाच; अडचणही खरी.)

राहिल्या पांढऱ्या रेषा. इथं फॉरवर्डच्या संशयात थोडं तथ्य आहे. बी-लाइन्स पाणी, पू आणि रक्त यांत भेद करत नाहीत, जुन्या फायब्रोसिसमध्येही (फुप्फुसात व्रण पडून ते घट्ट होणं) दिसतात. हृदय कमजोर पडून पाणी भरलं तर त्या दोन्हीकडे बऱ्यापैकी सारख्या पसरतात आणि आवरण गुळगुळीत राहतं. एआरडीएसमध्ये त्या ठिगळांसारख्या असतात, मध्येच चांगला भाग, आवरण खडबडीत. हे वाचायला सराव लागतो. पेशंट स्थूल असेल किंवा कातडीखाली हवा शिरली असेल, तर तरबेज डॉक्टरही हात टेकतात. पण व्हेंटिलेटरचा निर्णय रेषांवर होत नाही. रक्तातला ऑक्सिजन, श्वासाची दमछाक आणि शुद्ध पाहून तो घेतात. आयसीयूत शंका आली तर तपासणी नाकारू नका. कालच्या आणि आजच्या चित्रात काय बदललं आणि त्यावरून उपचारात काय बदललं, एवढं डॉक्टरांना विचारा.